गाडी झोपते कुठं

आमच्या गावात इंद्रभान मुक्कामाला आला आणि कायमचाच राहिला. हे मी त्याच्या तोंडावर म्हणतो आणि तो हसतो.

आसेगावच्या अलीकडे आमचं गाव. तालुक्याहून एक एष्टी सांजवेळी येते, रात्रभर चावडीपुढे उभी राहते आणि उजाडायच्या आत पहिली फेरी घेऊन निघते. ही मुक्कामी गाडी. इंद्रभान तिचा ड्रायव्हर होता. मी शिंपी, त्याच्या खाकी पँटीची कंबर दरसाल थोडी ढिली करून द्यायचो, तिथून आमची दोस्ती.

गावाची रीत अशी की मुक्कामी गाडीच्या दोघांचं जेवण घरोघरी पाळीनं. इंद्रभान पहिल्यांदा आला तेव्हा पाळी केशरबाईची होती. कंडक्टरला घरात बोलावणं आलं आणि इंद्रभानची थाळी गाडीत आली. बौद्ध माणूस, आडनाव ऐकलं होतं गावानं. तो जेवला, हापशीवर थाळी घासली आणि ती घेऊन स्वतः केशरबाईच्या ओट्यावर जाऊन बसला. म्हणाला, "बाई, भाजीत मीठ कमी होतं."

केशरबाई म्हणाली, "मंग पुढच्या पाळीले घरात येऊन चाखा, आन् तवाच सांगा."

तिची सासू आठवडाभर फुगून बसली होती, पण पुढच्या पाळीला तो आत जेवला. रिटायर झाल्यावर त्यानं आमच्याच गावात घर बांधलं. मुलगा रवी इथंच शेती करतो, आणि रवीची पोरगी सपना वाशीमला नर्सिंग शिकते. ती जाते त्या पहिल्या फेरीनं. दुसरी गाडी येईपर्यंत तिची हजेरी होऊन गेलेली असते.

गेल्या वर्षी बातमी आली की आमच्या रस्त्यावर विजेच्या नव्या गाड्या येणार. गाडी कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा, एष्टीचा फक्त कंडक्टर. चार्जिंग तालुक्याला, म्हणून गाडी संध्याकाळी परत जाणार. मुक्काम बंद, पहिली फेरीही बंद. सपना म्हणाली, "आजोबा, होस्टेल भरलं हाय. माहं शिक्षण सुटलं समजा."

मी आणि इंद्रभान गेलो गोविंदसिंगभाऊंकडे. भाऊ आमचे पुढारी. त्यांचे वडील भाऊसिंगजी यांनीच ही एष्टी गावात आणली होती. भाऊसिंगजींचं म्हणणं, सगळं सरकारचं पाहिजे. गाडी, गिरणी, जमलं तर पानठेलासुद्धा.

भाऊंनी चहा पाजला. म्हणाले, "काका, खाजगीत सांगतो. सरकारनं गाड्या हाकू नये. सरकारनं रस्ता करावा, गाडी ज्याले जमते त्याले हाकू द्यावी."

इंद्रभान म्हणाला, "तुमचे बाबूजी उलटं म्हणत होते."

"म्हणत होते नं. त्याईनं सरकारच्या पैशानं कापसाची जिनिंग उभी केली. मी लहानपणी तिच्यातच खेळलो. मालक सगळे, म्हणून तेल घालणारा कोणीच नाही. गंजून मेली. मी ते डोळ्यानं पाह्यलं, काका."

हे खरं होतं. त्या जिनिंगचे पत्रे मीही पाहिलेत. माणूस उगाच बोलत नव्हता.

"मंग हे सभेत काहून नाही सांगत?" इंद्रभाननं विचारलं.

"सभेत 'आपली एष्टी' म्हणा लागते. लोकाईले तेच आवडते."

मला राहवलं नाही. "म्हणजे भाऊ, तुमी खाजगीत खाजगी आन् सभेत सरकारी."

भाऊ पोट धरून हसले. "मास्टर, तुमी शिलाई सोडा, आमच्या पार्टीत या."

इंद्रभान हसला नाही. "भाऊ, मालक कोणी बी असू द्या. मले त्याचं काही नाही. गाडी रात्री झोपते कुठं, एवढंच सांगा."

"तालुक्याले. करारात किलोमीटर हायेत, मुक्काम नाही."

परत येताना घराजवळ आल्यावर इंद्रभान म्हणाला, "मास्टर, आपण चुकीच्या जागी इचारलं."

नव्या गाडीचं स्वागत दुपार कलती झाल्यावर ठेवलं होतं. चावडीपुढे मंडप, भाऊ स्वतः त्या गाडीतून आले. गाडी काय सुंदर हो, आवाजच नाही. म्हशी बाजूला व्हायचं विसरल्या. चालवणारा अमरदीप, परजिल्ह्यातला पोरगा. तो उतरतो न उतरतो तोच केशरबाई थाळी घेऊन पुढे. तिच्या मागे तिची सून पिंकी, डोक्यावर गादी.

अमरदीप गडबडला. "मावशी, मले परत जाणं हाय."

"गाडी आली म्हंजे मुक्काम," केशरबाई म्हणाली. "जेव, मंग वाकळ देतो." मुक्काम बंद झाल्याचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

लोक हसू लागले. इंद्रभान उठला, मंडपात गेला, माईक त्यानं मागितला नाही. आवाज ड्रायव्हरचा, माईक लागतच नाही. "भाऊ, पोराले सांगा नं. मुक्काम हाय का नाही?"

माईक भाऊंच्या हातात, समोर सगळं गाव, पहिल्या ओळीत बाया. भाऊंनी इंद्रभानकडे पाहिलं, एक श्वास घेतला आणि म्हणाले, "आपल्या एष्टीचा मुक्काम हलणार नाही." टाळ्या अशा पडल्या की अमरदीपनं घाबरून थाळी घेतली आणि जेवायला बसला.

विजेची गाडी त्या सांजेला परत गेलीच. पण पुढच्या आठवड्यापासून जुनी लाल गाडी मुक्कामाला राहू लागली. मंडपातून जाताना भाऊ इंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले होते, "काका, सभेत पकडलं मले. निवडणुकीपर्यंत राहीन गाडी. पुढं मी बी बांधलेला नाही."

मी चिडलो होतो. इंद्रभानच्या घरी आल्यावर म्हटलं, हा माणूस दोन तोंडाचा.

"नाही," इंद्रभान म्हणाला. "जिनिंगचं त्याचं खरं हाय. आन् बाबूजीचं बी खरं होतं. ते दोघं भांडत राह्यतीन, आपण मधात जागा धरून बसू." मग आत पाहून त्यानं हाक मारली, "सपना, निवडणुकीच्या आत शिक्षण होते का तुहं?"

"एक परीक्षा बाकी राह्यते, आजोबा."

"मंग त्या परीक्षेपुरती," तो मला म्हणाला, "अजून एक सभा भरवा लागन, मास्टर."