उघड्या हातांची सुईण

नर्मदामावशीला आमच्या तापीकाठच्या गावात ‘जित्या नवऱ्याची रांडमुंड’ म्हणत. तिचा नवरा गिरधरकाका तेव्हा ओट्यावर बसून धडधाकटपणे चिलीम ओढत असायचा. लोकांचं काय, ते डोळ्यांनी बघतात आणि कानांनी ठरवतात. ती माझी सख्खी मावशी नव्हे. तिच्या हातून मी जन्मलो, म्हणून मावशी.

तिची थोरली बहीण बाळंतपणात गेली होती. गावच्या सुईणीने गवत कापायच्या विळ्यानेच नाळ कापली आणि आठवड्यात मायलेकरं दोघंही संपली. तेव्हा नर्मदामावशी चार बुकं शिकलेली. ती हट्टाने धुळ्याला गेली आणि दीड वर्ष राहून सुईणपण शिकून आली. माझ्या जन्माआधी दोन-तीन वर्षांची ही गोष्ट, म्हणजे एकोणीसशे तेरा-चौदाची. परतली तेव्हा अंगावर पांढरं स्वच्छ लुगडं, केस घट्ट बांधलेले, नखं कापलेली, हातात काळी चामडी पेटी आणि दोन्ही मनगटं उघडी. शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की तुला नुसतं बघून लोकांना कळलं पाहिजे, ही शिकलेली आहे. मावशीला ते फार पटलं होतं. ती चालायचीसुद्धा ताठ, पेटी अंगापासून जरा दूर धरून. मला ते ऐकूनही तिचा अभिमान वाटतो.

पण गावाला दिसलं भलतंच. पांढरं लुगडं आणि बिनबांगड्यांचे हात म्हणजे विधवा, आणि विधवेने बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नसतं. कपाळावर कुंकू होतं, पण लोकांची नजर मनगटावरून वर चढतच नसे. माझी आजी रुक्मिणीबाई गावची पाटलीण, तिने तर दारातूनच हाकललं, “उघडा हातनी बाई मन्हा उंबरामा नको. मन्हा घर पाळना बांधना शे, तिरडी नही!”

मग तिला कोण बोलावणार? ज्यांचं सगळं संपलेलं असे ते. दोन दिवस अडलेली, डोळे पांढरे केलेली बाई समोर टाकायची आणि म्हणायचं, आता तूच बघ. अशा बायका तिच्यासमोर गेल्या. झालं, ती आली की बाई जाते, हेही गावाने ठरवून टाकलं.

वर्षभराने मावशीने हिरवं लुगडं घेतलं, रुपयाएवढं कुंकू लावलं, नाकात नथ घातली आणि कासाराकडून दोन्ही हात भरून काचेच्या बांगड्या घेतल्या. दारातून सवाष्ण म्हणून आत जायचं, आत गेल्यावर साबण लावून बांगड्या उतरवायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, काम झालं की पुन्हा चढवायच्या. तपासणीला धुळ्याच्या बाई आल्या आणि भडकल्या, “हा काय करवलीचा वेष?” मावशी म्हणाली, “बाई, तुमच्या वेषात लोक मला दारात घेत नाहीत आणि त्यांच्या वेषात तुम्ही घेत नाही. मी उभी कुठे राहू?” बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्या निघून गेल्या. पण युक्ती चालली. ओळीने सहा बाळंतपणं नीट झाली. तिच्या आयुष्यातले तेवढे चार महिने सुखाचे, असं मी धरून चालतो.

सातवं बोलावणं आमच्या घरचं. माझी आई कौसाबाई अडली होती, माझा हात आधी बाहेर आला होता. आजीने हिरवं लुगडं पाहून मावशीला आत घेतलं आणि स्वतःही आत बसून राहिली. मावशीने बांगड्यांना साबण लावला मात्र, आजी कडाडली.

“हाई काय करी ऱ्हायनी? मन्ही सूनना पुढे बांगड्या उतारस? घाल पहिले, नही ते भाईर निंघ!”

इकडे आड, तिकडे विहीर. बाहेर पडली असती तर विळावाली सुईण दारातच बसलेली होती. मावशीने बांगड्या वर सारल्या, फडकं गुंडाळलं आणि हात घातला. मी जगलो. आई तिसऱ्या दिवशी तापली आणि सातव्या दिवशी गेली.

आजीने मावशीला बोल लावला असता तर बरं झालं असतं. आजीला नातू मिळाला होता. तिने पंचक्रोशीत सांगितलं, “काय गुननी बाई शे! शेवटलगून बांगड्या काढ्यात नही.” मग मावशीला बोलावणंच बोलावणं. छकडे दाराशी उभे राहायचे आणि प्रत्येक घरी एक म्हातारी खोलीत बसून तिच्या मनगटांवर पहारा करायची. न जावं तर विळा. जावं तर बांगड्या. ती पंचवीस वर्षं जात राहिली. काही बायका वाचल्या, काही तापल्या.

हे सगळं मला कळलं ते एकेचाळीस साली, माझी बायको जमना अडली तेव्हा. मी नंदुरबारला कोर्टात कारकून, कोट-टोपी घालून हिंडणारा. मावशी शेजारच्या गावी बाळंतपणाला गेलेली, म्हणून भर दुपारी छकडा घेऊन मीच तिला आणायला गेलो. वाटेत ती एकदम म्हणाली, “भाऊ, तुन्ही मायले मी मारी टाकं.”

ती बोलतच राहिली, “काचना खाले घाण ऱ्हास. साबन तठे पोचस नही. माले ठाऊक व्हतं, तरी बी हात घाला.” मग तिने माझा दंड धरला. “आज मी हात उघडा करसू. तुन्ही आजीले तू सांभाय. एवढं करशी?”

“करसू, मावशी,” मी म्हणालो. खरंच तसं मनात होतं.

आजी सत्तरीची झाली होती, पण खोलीच्या दारात आडवी बसली होती. मावशीने हात पुढे करून साबण मागितला आणि आजीने ओळखलं. “बांगड्या उतारशी ते मन्हा मढावरथीन आत जाय!” असं म्हणून तिने उंबऱ्यावर डोकं आपटायला सुरुवात केली. आतून जमना ओरडत होती. गल्लीतल्या बायका जमल्या आणि सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. पाटलाचा शिकलेला नातू, म्हातारीला बाजूला ओढतो की काय म्हणून. मी तिला दोन हातांनी उचलून बाजूला ठेवू शकलो असतो. तिचं वजन ते काय होतं!

मी मावशीला म्हणालो, “मावशी, ऱ्हाऊ द्या आते बांगड्या. वेळ जाई ऱ्हायना.”

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बांगड्या कोपराकडे सारल्या आणि ती आत गेली.

जमना नवव्या दिवशी गेली. मुलगी जगली, आता पाच वर्षांची आहे. आईला काय झालं होतं, असं ती अधूनमधून विचारते. आजी सांगते, देवाने नेली. मी तिथेच बसलेला असतो आणि आजीला खोडून काढत नाही.