स्वयंपाकघराची भिंत

दुपारी वैजयंती प्रधान हॉलच्या कोपऱ्यात चटई टाकून जरा आडवी होते. माटुंग्याच्या ‘चंद्रलोक’मधला हा तिच्या आईवडिलांचा फ्लॅट, इमारत स्वातंत्र्याच्याही आधीची. सध्या घराचं काम काढलंय. गोल बाल्कनी, सागवानी दारं, वेलबुट्टीच्या लाद्या तशाच राहणार. दिवे, नळ, कपाटं नवी येणार. अडलंय ते फक्त स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी. आर्किटेक्ट म्हणतो, पाडून टाका, घर मोकळं होईल. वैजयंतीला धीर होत नाही. तिची आई, माई, जन्मभर त्या भिंतीआड राबली. भिंत गेली तर माईचं इथे काय उरलं?

कारागीर जेवायला गेलेत. नळाच्या कामासाठी घरातलं पाणी सकाळपासून बंद आहे, पंखेही उतरवलेत. डोळा लागतो न लागतो, तोच आतून हाक येते.

“वैजू, लोळतेयस काय? वाल सोलायला ये.”

माई जाऊन कितीतरी वर्षं झाली, हे वैजयंतीला ठाऊक आहे. तरी ती उठते. लाद्यांवरची वेल पायांखालून पुढे पुढे जात राहते, हॉल काही संपत नाही. संपतो तेव्हा समोर फुलबाजाराची गल्ली आहे, आणि गल्लीच्या मधोमध माई पाट घेऊन बसलीय. पुढ्यात भिजवलेल्या वालांचं पातेलं. येणारी-जाणारी माणसं तिला वळसा घालून जातात. वैजयंती शेजारी बसते, पाण्यात हात घालते.

“माई, तुझी भिंत मी पाडू द्यायची नाही.”

“माझी?” माई हसते. “ती कधी माझी झाली गं?”

“सगळा जन्म काढलास तिच्याआड.”

“काढला. पलीकडे तुम्ही बापलेकी खिदळायचात. मी हात पुसून येईपर्यंत सगळं संपलेलं. विचारलं की तुझे बाबा म्हणायचे, ‘काही नाही, असंच.’” माई वाल सोलायची थांबते. “आता तरी सांग, कशाला हसायचात?”

वैजयंतीला आठवतं. वरच्या मजल्यावरच्या वकिलांची शिंक! बाबा हुबेहूब नक्कल करायचे. ती तस्संच नाक फेंदारते, डोळे फिरवते आणि गल्ली दणाणेल अशी शिंकते.

माई हसते, हसतच राहते. पदराने डोळे टिपते.

“एवढंच होतं होय!” ती म्हणते. “लाद्या मात्र ठेव हो. पायाला गार लागतात.”

“ताई,” दारातून मेस्त्री विचारतायत, “भिंतीचं काय ठरलं?”

“पाडा,” वैजयंती म्हणते. मग डोळे उघडते.

मेस्त्री आत जातात. ती उठून बसते आणि केस सावरायला हात वर नेते. बोटांची टोकं पांढुरकी झालीत, खूप वेळ पाण्यात असल्यासारखी सुरकुतलीत. अंगठ्याच्या नखाला वालाचं ओलं सालपट चिकटलंय.