उर्दू येतं, असं मी लिहिलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर त्या सकाळी माझ्या मागेच उभी होती.

संस्थान विलीन झालं तेव्हाची गोष्ट. मी अठ्ठावीसचा होतो, आता पन्नाशी आली. ग्वाल्हेर दरबारच्या कचेऱ्या नव्या राज्यात मिसळत होत्या, आणि आम्हा कारकुनांतलं कोण राहणार, कोण घरी जाणार, हे रोज नव्याने ठरत होतं. निर्वासितांच्या मदत-कचेरीत जागा निघाली. उर्दू वाचता येतं का, असं अर्जात विचारलं होतं. मी लिहिलं — येतं. एक अक्षर येत नव्हतं. शिकून घेऊ, असं वाटलं होतं... खरंच वाटलं होतं का?

इंदरगंजातल्या त्या खोलीत माझ्याकडे काम होतं फाळणीच्या दंगलींत ताटातूट झालेल्या माणसांचं. दुसऱ्या गावच्या छावण्यांतून कार्डं यायची — अमका इथे आहे, तमक्याला शोधतो आहे. हिंदी-इंग्रजी कार्डांना मी त्याच दिवशी उत्तर द्यायचो. उर्दू कार्डं टेबलाच्या खणात ठेवायचो. उद्या बघू म्हणून.

वीरांवाली नावाची बाई दर सोमवारी यायची. पळापळीत, गाडीत चढताना, तिची मुलगी शीलो हातातून सुटली होती. दारातूनच विचारायची, "बाबूजी, कोई चिट्ठी?" मी नकारार्थी मान हलवायचो. एकदा म्हणाली, "डाक भी हमारी तरह पैदल आ रही है क्या?" रांगेतली माणसं हसली. मीही हसलो. खण माझ्या गुडघ्याला टेकलेला होता.

तुम्ही म्हणाल, कुणाकडून वाचून का घेतलं नाही? त्या रांगेतले निम्मे पुरुष उर्दू वाचणारे होते. फक्त विचारायचं होतं. पण मग साहेबांच्या कानावर गेलं असतं, आणि — नोकरी गेली असती. एवढंच.

पुढे वीरांवालीला दूरच्या एका वसाहतीत हलवलं. जाताना तिने पत्ता उतरवून घ्यायला लावला. "साफ़ लिखना, बाबूजी." मी फार साफ लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे.

महिन्याभरात आमची कचेरी दुसऱ्या खात्यात गेली, मी कायम झालो आणि खण रिकामा करावा लागला. आता भीती नव्हती ना — गठ्ठा टोपी बाजारातल्या एका म्हाताऱ्या मौलवींकडे नेला. सातवं कार्ड शीलोचं निघालं. वय अकरा, अंबाल्याच्या छावणीत आहे, आईला कळवा. मौलवींनी तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "ये तो पाँच महीने पुराना है, साहब."

बाकीच्यांना मी उशिरा का होईना, कळवलं. ते मला ओळखत नव्हते. वीरांवाली ओळखत होती. तारीख न लिहिता नुसता ठावठिकाणा कळवता आला असता — हेही सुचलं. पण मुलगीच म्हणाली असती, आई, मी केव्हाच लिहिलं होतं. मग तिला एकेक सोमवार आठवला असता.

त्या दोघी भेटल्या का? मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही. वसाहतीचा पत्ता मला अजून पाठ आहे.

मौलवींकडे गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बंबात लाकडं सारताना शीलोचं कार्डही आत सारलं. मागे बायको पंचा घेऊन उभी होती. "झालं का हो पेटवून? उशीर होतोय तुम्हाला."

पाणी चांगलं तापलं. मी आंघोळ केली आणि वेळेवर कचेरीत पोचलो.