‘बार’चा सहावा अर्थ

मालवणच्या स्टँडवर मी पुण्याच्या गाडीत बसले, तेव्हा बाबा खिडकीखाली उभे होते. देवबागला आमची मासेमारीची होडी आहे. त्या दिवशी त्यांनी ती काढलीच नव्हती. “पटला नाय तर परत ये गो,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या कुणाला धीर वाटला असता. मला वाटलं, मी टिकणार नाही हे त्यांनी धरूनच ठेवलंय.

पुण्यात शाळकरी मुलांसाठी इंग्रजी-मराठी कोश करणाऱ्या छोट्या ऑफिसात मी तीन महिन्यांच्या ट्रायलवर होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मालवणी. प्रमाण मराठी कच्ची, म्हणून मीटिंगमध्ये मी शक्यतो गप्प. शेवटच्या आठवड्यात ‘बार’ वाट्याला आला. इंग्रजीत तीनच अक्षरं. दांडा, साबणाची वडी, दारूचा गुत्ता, वकिली, मनाई. मूळ जुन्या फ्रेंचमधलं, आडवा दांडा. त्यामागचं कुणालाच नक्की ठाऊक नाही. कोर्टातला आडवा कठडा, म्हणून वकिली. दारू देण्याचा आडवा कट्टा, म्हणून गुत्ता. सगळं जुळत गेलं. सहाव्या अर्थापुढे मी लिहिलं, ‘वाळूचा अडथळा’.

संपादक बाईंनी फुली मारली. “हे वाचून मुलांना काय दिसणार? उद्या पुन्हा लिही. मग तुझं ठरवू.”

मलाच काही दिसत नव्हतं. घरी तीन महिने ‘सगळं मस्त’ सांगत होते. तरी बाबांना फोन लावला आणि हा वाळूचा ‘बार’ म्हणजे काय ते विचारलं.

“खाडीच्या तोंडार साचता ती वाळू? तुमच्या इंग्लिश शाळेत ह्या शिकवूक नाय?” ते मनापासून हसले. मग सांगू लागले. “वरसून पाणी सारख्याच दिसता. लाट मधीच फुटता, थंय खाली वाळू. मोठी लाट जाव दी, मगे होडी घाल. घाई केलंस तर होडी बसता.” माझ्या आवाजावरून ओळखून म्हणाले, “तुका थंयसून काढतत काय गो?”

“माहीत नाही, बाबा.”

“परत ये म्हटलंय, ता दार उघडा आसा म्हणान. तू पडतलंस म्हणान नाय.”

मी लिहिलं: ‘खाडीच्या किंवा नदीच्या तोंडाशी पाण्याखाली साचलेली वाळू, इथे लाटा मध्येच फुटतात आणि होडी रुतू शकते.’ बाईंनी दोनदा वाचलं. “एक तारखेपासून कायम,” म्हणाल्या, आणि पुढचा कागद सरकवला.

आता रोज संध्याकाळी बाबा विचारतात, “आज खंयचो शब्द?” मी आधी न जमलेले सांगते. घर म्हणजे आता मला तेच वाटतं: जिथे न जमलेलं आधी सांगता येतं.