कोठीतले आबा

भिमाबाईच्या पायाला जन्मापासून भिंगरी. अंगणवाडीत मदतनीस होती तेव्हा खिचडी शिजेपर्यंत चार घरं फिरून यायची. आता पंचाहत्तरी उलटली तरी बूड टेकत नाही. त्यात दसऱ्यापासून तर तिनं सून रोहिणीचं डोकंच खाल्लं. इनामदारांची कोठी दुरुस्त होऊन लोकांना बघायला खुली झाली होती, आणि तिथल्या दिवाणखान्यात तिचे आबा होते.

म्हणजे चित्रात. आबा इनामदारांचा घोडा सांभाळायचे. हैदराबादहून आलेल्या चित्रकारानं मालकांचं घोड्यासकट चित्र काढलं, तेव्हा लगाम धरून आबाच उभे होते. पुरं झालेलं चित्र त्यांना कुणी दाखवलं नाही, पण "म्या हाय कोठीत" असं ते मरेपर्यंत सांगत. फोटो त्यांचा एकही नाही. ते गेले तेव्हा भिमाबाई एवढीशी. बापाचा चेहरा आठवत नाही याची तिला जन्मभर रुखरुख. अणदूरला थोरल्या भावानं, तात्यारावांनी, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. रोहिणीनं मोबाइलवर चित्राचा फोटो घ्यायचा, मोठा करून तिथं लावायचा.

दिवाळीच्या तोंडावर, ऊन मी म्हणत असताना, दोघी पोचल्या. फाटकात भिमाबाई वाकली आणि तिनं चपला काढून हातात घेतल्या.

"आई, देऊळ हाय का हे?"

भिमाबाई स्वतःवरच चरफडली. कोठीच्या हद्दीत आपल्या माणसांनी चपला हातात घ्यायच्या, हे आईनं लहानपणी शिकवलेलं. हात आपोआप खाली गेले होते. आता त्या पुन्हा घालायला थांबण्याइतका तिला धीर कुठला! माहिती सांगणारा माणूस शेवंतीच्या प्रत्येक वाफ्यापाशी, कारंज्यापाशी थांबे.

"फुलं लई बघितली बाबा," ती म्हणाली, "चित्र कुठंय?"

चित्र भिंतभर होतं. मिशीला पीळ दिलेले मालक, पांढरा घोडा. आणि आबा? घोड्याच्या मानेआड. खाली दोन अनवाणी पाय, लगामावर एक हात, तोंड नाहीच. भिमाबाईनं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, जणू बाजूला सरकलं की दिसेल.

"मिशीचा केस न् केस काढलास," ती त्या चित्रकारालाच बोलली, "माझ्या बापाचं तोंड काढायला हात जड झाला व्हय रं?"

लोक वळून बघू लागले. तिला रडू आवरेना.

"आई," रोहिणी हळूच म्हणाली, "आबांचा दुसरा हात बघा."

त्या हातात चपला होत्या.

भिमाबाईनं आपल्या हाताकडं पाहिलं. हातातल्या चपला तिनं फरशीवर टाकल्या, पायात घातल्या, आणि मगच रोहिणीला फोटो काढू दिला.

बाहेर येतात तोच तात्यारावांचा फोन. "दिसले का आबा?"

"तोंड न्हाय काढलं, तात्या. घोड्यामागं झाकलंय. हातातल्या चपला तेवढ्या दिसत्यात."



"मंग आबाच हायेत," तात्याराव म्हणाले. "आण तसाच. खिळा ठोकलाय."