पाठीवरचा डबा आणि न विचारायचा प्रश्न

ते प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि विसरायचं म्हटलं तरी घरचे विसरू देत नाहीत. सकाळी चपला घालून दाराशी गेलो की सून मुद्दाम विचारते, "बाबा, लांब का?" आणि आतून सगळे हसतात. हसू देत. ज्यांनी ती चौकशी पाहिली नाही, त्यांना हसायला काय जातंय?

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. नाशिकमधल्या एका पोलीस ठाण्याचा मी इन्स्पेक्टर होतो. अंबडची कारखानदारी आमच्याच हद्दीत. बॉम्बस्फोटांच्या बातम्यांचे ते दिवस. बेवारस पिशवी दिसली तरी गर्दी जमायची, पिशवीत निघायची कोणाची तरी मेथी. धरणं, रेल्वे स्टेशन, बाजार यांवर नजर ठेवा, असे निरोप वरून सारखे यायचे.

अशात एके दिवशी आमचा खबऱ्या आला. हा गंगापूर धरणाकडे भेळेची गाडी लावायचा. त्याची निम्मी खबर खरी असायची, पण कोणती निम्मी ते त्यालाही माहीत नसायचं.

"साहेब, लय डेंजर मामला हाय," तो म्हणाला. "एक म्हातारा रोज सकाळी येतो. पाठीला पत्र्याचा डबा बांधतो आन् बुटासकट पाण्यात उतरतो."

"बुटासकट?"

"बुटासकट! बाई काठावर उभी ऱ्हाते. म्हातारा शिट्टी मारतो, बाई आरशानं ऊन चमकावते. समोरच्या काठाला इशारा करतात, साहेब. आन् डब्यात काय हाय ते कोनाला ठाऊक?"

धरण, डबा आणि इशारा हे तीन शब्द एकत्र ऐकल्यावर त्या काळी कुठला पोलीस अधिकारी खुर्चीत बसून राहील? धरण आमच्या हद्दीत नव्हतं, पण म्हातारा राहायचा आमच्या हद्दीत. शेजारच्या ठाण्याला फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, "माणूस तुमचा आहे ना? मग तुम्हीच या आणि घेऊन जा." स्टेशन डायरीत नोंद केली, हवालदार आणि दोन शिपाई घेतले आणि जीप काढली.

खबर खरी निघाली. साठीचा, काटक, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस उताणा तरंगत होता. अंगात शर्ट, पँट, पायात बूट, पाठीला डबा. आम्हाला पाहून घाबरला नाही. शांतपणे काठाला आला आणि हवालदाराला म्हणाला, "जरा हात द्या. शेवाळ आहे, पाय सरकेल तुमचा." बाई त्या दिवशी आली नव्हती.

डब्याला हात कोणी लावायचा यावर माझ्या माणसांत बरीच अदब सुरू झाली. तुम्ही सीनियर, नाही नाही, तुम्ही आधी. शेवटी मीच पुढे झालो. डबा गोड्या तेलाचा होता, झाकणावर डांबर लावून बंद केलेला. हलवला. रिकामा. आमच्याकडे खेडोपाडी विहिरीत पोरं पोहायला शिकतात ती असाच डबा बांधून. मीही तसाच शिकलो. पण साठीला आलेला माणूस बूट घालून कशाला शिकेल?

ठाण्यात आणलं, तर काउंटरवरचा शिपाई ताडकन उठला. "साहेब, हा तोच! चारित्र्याचा दाखला मागायला येतो आणि पळून जातो!"

"पळून जातो म्हणजे?"

"दाखला पाहिजे म्हणाला. मी म्हटलं, कुठे जायचंय? तसा तोंड पाडून चालता झाला. पुन्हा आला, दुसऱ्या शिपायाने तेच विचारलं, पुन्हा चालता झाला."

आता मात्र मला वास यायला लागला. समोरच्या लाँड्रीवाल्याला आणि एका दुकानदाराला पंच म्हणून बोलावलं आणि धरणाच्या काठावरून त्याच्याबरोबर उचलून आणलेल्या पिशवीची झडती घेतली. शिट्टी, आरसा, मच्छरदाणी, दोरी, मेणकापडात बांधलेल्या काडेपेट्या, तापाच्या आणि जुलाबाच्या गोळ्या, आयोडीन, कोयती. तळाशी शाळेच्या नकाशाच्या पुस्तकातलं अरबी समुद्राचं पान. त्यावर लाल पेन्सिलीने गोल केला होता आणि गोलात नुसतं पाणी.

"बोटीने माल उतरणार, साहेब," हवालदार माझ्या कानात म्हणाला.

माझा आवाज मूळचाच मोठा. तो आणखी चढवला आणि चौकशीला बसलो. गंमत अशी, की माणूस प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होता. अंबडच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेला. तिथल्या सेफ्टी कमिटीवर वर्षानुवर्षं काम केलेलं. आग लागायच्या आधी आगीची रंगीत तालीम घेणारी ही जात.

"डबा कशाला?"

"बोटीवर लाइफ जॅकेट असतंच, साहेब. पण मोठ्या बोटीतून छोट्या होडीत उतरतात, तिथे असेलच असं नाही. आपली सवय आपल्याला हवी."

"आणि बूट?"

"तिथे पाण्यात प्रवाळ असतं. पाय कापला तर जखम चिघळते. बूट घालून तरंगता आलं पाहिजे."

"आरसा?"

"होडी भरकटली तर. शिट्टी वाऱ्यात विरते, ऊन लांबवर दिसतं."

"एवढी औषधं?"

"दवाखाना छोटा आहे. माल बोटीने येतो. बोट आली नाही तर दुकानात गोळी मिळत नाही. आपलं आपल्यापाशी असावं. गोडं पाणीसुद्धा नेणार आहे."

"कुठे नेणार आहात?"

चिडीचूप! माणसाने खाली मान घातली ती घातलीच. दरडावलं, समजावलं, चहा पाजला. नाही. कुठल्या तरी बेटावर जायचंय हे एव्हाना लाँड्रीवाल्यालाही कळलं होतं. पण कुठल्या आणि कशासाठी, ते काही केल्या निघेना. शेवटी तो एवढंच म्हणाला, "साहेब, मला अडकवू नका. पावसाळ्याच्या आधीची बोट चुकली तर सगळंच चुकलं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता फुटतोय. मी टेबलावर थाप मारून पुन्हा तोच प्रश्न टाकला, आणि तो पुन्हा मिटला.

तेवढ्यात त्याची बायको आली. ठेंगणी, ठसठशीत, सटाण्याकडची बाई. शेजाऱ्यांकडून कळल्यावर तशीच धावत आलेली. म्हटलं, बाई हळवी असते, बोलेल. "बाई, खरं सांगा," मी आवाज शक्य तेवढा मऊ केला, "तुमचे यजमान कुठे चाललेत?"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"माय वं! विचारंच शेवटी! इतका मोठा साहेब, आन् निघता मानसाला कुठे म्हनीसन विचारतो? तुमच्या घरात कोनी शिकाडं नाही का?"

बाईंनी नवऱ्याला बाकावर बसवलं, पाणी मागितलं. निघणाऱ्याला कोणी 'कुठे' म्हटलं, तर माघारी यायचं, बसायचं, पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं. काउंटरवरचा शिपाई बिचारा धावत तांब्या घेऊन आला आणि तोंडातून गेलं, "कुठे ठेवू?"

"परत!" बाई ओरडल्या. फोरमननी तो तांब्या बाजूला ठेवून दुसरा मागितला.

हसू नका. मीही हसलो नाही. माझी आईसुद्धा मी ड्युटीवर निघालो की कधी 'कुठे' म्हणायची नाही. "लांब का?" एवढंच विचारायची, आणि मी "नाही, जवळच" म्हणायचो, मग बंदोबस्त मालेगावला का असेना. सगळं आयुष्य ज्या प्रश्नावर पोट भरलं, तो प्रश्न आमच्याच घरात दारातून आत येत नव्हता, आणि हे मला त्या बाकासमोर उभं राहून आठवावं लागलं.

मी खुर्ची सोडली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "बाई, ते राहू द्या. एवढंच सांगा, तिकडे वाट कोण बघतंय?"

झालं. इतका वेळ भांडणारी बाई पदर तोंडाला लावून रडायला लागली. "लेक शे, साहेब. एकुलती एक."

लेक नर्स. जावई वायरलेसवर नोकरीला. दोघांची बदली लक्षद्वीपच्या एका छोट्या बेटावर. लेकीला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, पण डॉक्टरांनी तिला बोटीचा प्रवास करायचा नाही म्हणून सांगितलेलं. लेकीला माहेरी येता येईना, म्हणून माहेरच तिच्याकडे निघालं होतं. आदल्या वर्षीही दोघं भेटायला निघाले होते. घराच्या फाटकातच शेजारणीने विचारलं, "कुठे हो?" कोचीला पोचले, तर समुद्र खवळल्यामुळे बोट रद्द. आठवडाभर बंदरावर बसून परत आले. समुद्राचा दोष बाईंनी शेजारणीच्या खात्यावर लिहिला, आणि या वेळी कोणाला वासही लागू द्यायचा नाही असं ठरवलं. त्या बेटांवर जायला परमिट लागतं आणि परमिटला पोलिसांचा दाखला लागतो. दाखला मागायला आले, तर माझा शिपाई पहिल्याच वाक्यात 'कुठे'!

मी ठाण्याची लिखापढी बघणाऱ्या रायटरला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, ठिकाण तर लिहावंच लागेल." मी बाईंकडे पाहिलं.

"लिहा ना," बाई म्हणाल्या. "लिहायला काही नाही. विचारायचं नाही."

या भेदापुढे मी हात टेकले. पण पडताळणी नियमाप्रमाणेच झाली. बीटचा शिपाई शेजारी चौकशीला गेला. शेजारीण म्हणाली, "का हो, कुठे चाललेत?" त्याला मी दम भरला होता, तो म्हणाला, "सांगता येत नाही. सरकारी आहे." त्यामुळे अख्ख्या गल्लीत बातमी पसरली, की फोरमन मोठ्या स्मगलिंगमध्ये सापडलाय. त्याला माझा इलाज नव्हता.

दाखल्यावर सही केली. दोघं निघाले तेव्हा सगळं ठाणं दाराशी उभं, आणि एकाचीही तोंड उघडायची हिंमत होईना. हवालदाराने तर स्वतःच्या तोंडावर हात धरला होता. मी म्हटलं, "लांब का?" बाई पहिल्यांदा हसल्या. "हो साहेब. लय लांब."

नंतर दिवस गेले आणि पाऊस लागला. रोज हवामानाच्या बातम्यांत अरबी समुद्र आला की माझा जीव वर-खाली व्हायचा. चोर-दरोडेखोरांमागे गेलेला माणूस मी, पण दाखल्यावरची ती सही मला झोपू देईना. या वेळी शेजारणीच्याही आधी 'कुठे' विचारणारं तर माझंच ठाणं होतं. हवालदार मधूनच म्हणायचा, "पोचले असतील ना हो?" मी त्याच्यावर खेकसायचो.

पुढच्या लोकांना मी शिकवताना सांगत आलोय, की चौकशीत एक प्रश्न अडला तर तोच जोराने विचारू नका. माणूस कुठे जातो यापेक्षा कोणासाठी जातो ते विचारा. बाकीचं तो स्वतःच सांगतो. पुस्तकात हे नाही. मला ते सटाण्याच्या एका बाईने शिकवलं, तेही माझ्याच ठाण्यात मला झापून.

एका दुपारी फोन वाजला. खरखर, शिट्ट्या, पाण्याखालून यावा तसा आवाज. फोरमन होते. "साहेब, शेवटच्या टप्प्यात होडीचं इंजिन बंद पडलं. भरकटलो. मी आरसा काढला. मच्छीमारांनी लांबून पाहिलं आणि ओढून नेलं." मग फोन बाईंनी हिसकावून घेतला.

"साहेब, आता विचारा."

"काय विचारू?"

"तेच! आता विचारलं तरी चालतं. विचारा ना!"

सगळं ठाणं माझ्याभोवती गोळा झालं होतं. मी घसा साफ केला आणि नोकरीतला सगळ्यात अवघड प्रश्न विचारला. "बाई, कुठे आहात?"

पलीकडे एक तान्हं बाळ जोरात रडत होतं.

"लेकीच्या घरी, साहेब," बाई म्हणाल्या. "नातीला मांडीवर घेऊन बसले."