किल्ली चन्नव्वाकडे

तरुणांनी चांगल्या सवयी लावून घ्याव्यात, यावर भाषण ठोकणाऱ्यांची आमच्या भागात वानवा नाही. हुमनाबादहून कुणी ना कुणी येतो, हार घालून घेतो, चहा पितो आणि जातो. मला त्या भाषणांचा मनापासून कंटाळा आहे. कुणी सवयींचा विषय काढलाच, तर मी आपला आमच्या निर्णा गावचा अमरदीप दाखवतो.

अमरदीप ट्रॅक्टरला मळणीयंत्र जोडून शेतोशेत फिरतो. तूर, सोयाबीन, हरभरा, जे वाळून ढिगाला लागलं असेल ते मळून देतो. हात चलाख, तोंड गोड, पण स्वभाव असा उतावळा की चहा निवेपर्यंतही दम निघायचा नाही, दर वेळी जीभ भाजून घ्यायचा. आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करायचो.

त्या उतावळेपणानं एकदा घातच व्हायचा होता. त्याची आई शोभाबाई यंत्राजवळ भुसा ओढत होती आणि यानं मागं न बघता यंत्र चालू केलं. ट्रॅक्टर ज्या लोखंडी दांड्यानं यंत्र फिरवतो, त्या शाफ्टमध्ये तिचा पदर गेला. लुगडं जुनं होतं म्हणून टरकन फाटलं आणि बाई वाचली. दुसरा कुणी यंत्राला चार शिव्या घालून मोकळा झाला असता. हा संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन मान खाली घालून बसला.

"मशीनचं काय चुकलं न्हाई, काका. माझा स्वभावच वंगाळ हाय. घाई सुटली की मला माणूस दिसत न्हाई."

"मग घाई सोड की," मी म्हणालो.

"ती सुटायची न्हाई. मी कसा हाव ते मला ठाऊक हाय."

आता सांगा, ऐन पंचविशीत स्वतःबद्दल एवढं खरं कोण बोलतं? मी तर साठी ओलांडूनही बोललेलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं एक रीत पाडली. यंत्र थांबलं की ट्रॅक्टरची किल्ली काढायची आणि मजूर बायकांतल्या सगळ्यात थोरल्या चन्नव्वाच्या हातात द्यायची. तिनं यंत्राभोवती फेरी मारायची, कुणाचा पदर सुटलाय, कुणाची ओढणी लोंबतेय ते बघायचं आणि मगच किल्ली परत करायची. "मी मागितलो तरी बघितल्याबिगर देऊ नको," असं त्यानंच तिला बजावून ठेवलं. बाकीचे मशीनवाले हसले. बाईच्या कनवटीला किल्ली लावून हा कसला धंदा करणार, म्हणाले. यानंही हसून घेतलं, पण रीत सोडली नाही.

यंदा वीरभद्रप्पांच्या शिवारात तुरीची रास, म्हणजे मळणी, चालू होती. वीरभद्रप्पा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. त्यांनी बोलावलं की बाकीचे शेतकरीही त्याच मशीनवाल्याला बोलावतात आणि त्यांनी हाकललं की त्याचा हंगाम बुडालाच. अर्धी तूर मळून झाली आणि आभाळ भरून आलं. ताडपत्री सरकवायला यंत्र थांबवलं होतं, किल्ली चन्नव्वाकडे होती. मी माझ्या बांधावरून बघत होतो.

"काय करायलास रे? पाऊस यायलाय, दिसंना का?" वीरभद्रप्पा ओरडले. "चालू कर, न्हाईतर आत्ता कोहिनूर गावची मशीन बोलावतो. मग निर्ण्यात कुणाची रास करतोस तेच बघतो."

अमरदीपचा चेहरा लाल झाला. तो तरातरा चन्नव्वाकडे गेला आणि त्यानं हात पुढं केला.

"अक्का, दे. सगळ्यास्नी बघितलीस की."

"मागची बाजू न्हाई बघितले अजून."

"बघायचं कामून? तिकडं कोण बी न्हाई. दे म्हणलो ना."

"तूच म्हणलावतास, मागितलो तरी देऊ नको म्हणून."

त्याचा हात तसाच पुढं होता. म्हातारीच्या मुठीतून किल्ली हिसकायला त्याला कितीसा वेळ लागला असता? मग त्यानं हात मागं घेतला आणि म्हणाला, "जा, बघून ये." पोरगा माझ्या रक्ताचा नाही, पण त्या क्षणी माझी छाती अशी भरून आली की काय सांगू.

चन्नव्वा मागं गेली आणि तिथूनच तिची हाक आली, "अप्पा, जरा हिकडं या."

आम्ही सगळेच धावलो. वीरभद्रप्पांची नात शैलश्री, कलबुर्गीच्या कॉलेजातून सुट्टीला आलेली, चाकाखाली अडकलेली ताडपत्री ओढत खाली बसली होती. कानांत गाण्याच्या बोंड्या, त्यामुळं तिला कसला पत्ताच नव्हता. तिच्या गळ्यातल्या ओढणीचं टोक शाफ्टवर पडलं होतं.

अमरदीपनं वाकून ओढणीचं टोक शाफ्टवरून उचललं. वीरभद्रप्पांनी नातीला हाताला धरून उठवलं. पोरीनं ओढणी कमरेला घट्ट बांधली. थेंब पडायला लागले, ढिगाची एक कड भिजत होती, तरी आता घाई करा असं कुणी म्हणेना.

चन्नव्वानं पुन्हा सगळीकडं नजर फिरवली आणि वीरभद्रप्पांसमोर येऊन थांबली.

"अप्पा, तुमचं उपरणं लोंबायलंय."

ज्यांच्यापुढं गावात मोठ्यानं बोलायची कुणाची छाती होत नाही, त्या वीरभद्रप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, घडी घातली आणि तिच्या हातात दिलं. मग तिनं किल्ली अमरदीपच्या तळहातावर ठेवली.